कुणाचा पैसा, कुणाचे हक्क : स्वतंत्र चित्रपट उभा कसा राहतो

मे २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तब्बल तीस वर्षांनी पोहोचला होता. त्यानंतर आठ महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. दोन्ही चित्रपट पुढे भारतातील चित्रपटगृहांत आले, वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी भरभरून लिहिले आणि तरीही अनेक वाचकांच्या मनात काही साधे प्रश्न तसेच राहिले. जगाने गौरवलेला चित्रपट आपल्या तालुक्याच्या गावी का लागत नाही? मुंबई आणि रत्नागिरीत चित्रित झालेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’च्या निर्मात्यांत फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली येथील संस्थांची नावे कशी येतात? आणि हातात मराठी पटकथा घेऊन बसलेल्या, चित्रपटसृष्टीत कुणाचीही ओळख नसलेल्या माणसाला यातला नेमका कोणता दरवाजा उघडा आहे?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच हिशेब आहे : पैसा कुणाकडून आला, कोणत्या टप्प्यावर आला आणि त्याच्या बदल्यात चित्रपटाचा कोणता हक्क दिला गेला. हा हिशेब ज्याला कळतो, त्याला संधीही दिसतात आणि सापळेही दिसतात.

स्वतंत्र म्हणजे कुणापासून स्वतंत्र?

स्वतंत्र चित्रपट म्हणजे कमी खर्चाचा किंवा गाणी नसलेला चित्रपट, अशी एक ढोबळ समजूत आहे. प्रत्यक्षात हा शब्द चित्रपटाच्या शैलीपेक्षा त्याच्या अर्थरचनेबद्दल अधिक सांगतो. मोठी निर्मितीसंस्था किंवा स्टुडिओ पैसा लावतो तेव्हा कथा, कलाकार, लांबी, प्रदर्शनाची तारीख या सर्वांवर शेवटचा शब्द त्याचा असतो. स्वतंत्र चित्रपटात असा एक मोठा धनको नसतो. पैसा लहान लहान वाट्यांत, निरनिराळ्या ठिकाणांहून, बऱ्याचदा काही वर्षांच्या अवधीत जमतो आणि शेवटचा शब्द दिग्दर्शकाकडे व त्याच्या निर्मात्याकडे राहतो.

आपल्याकडे ही अडचण चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटाच्या तयारीसाठी स्वतःची विमा पॉलिसी गहाण ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने, जिचे अध्यक्ष मुंबईचे स. का. पाटील होते, १९५१ साली सरकारने चित्रपटांना अर्थपुरवठा करणारी संस्था उभारावी अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात येण्यास १९६० साल उजाडले. या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून १९६९ मध्ये ‘भुवन शोम’ तयार झाला आणि वेगळ्या धर्तीच्या हिंदी चित्रपटांची वाट मोकळी झाली. पुढे १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजेच एनएफडीसी, स्थापन झाले आणि १९८० मध्ये जुनी संस्था त्यात विलीन झाली. १९९८ मध्ये चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा मिळाल्यानंतर बँकांचे दरवाजे उघडतील अशी अपेक्षा होती, परंतु बँक तारण मागते, आणि न बनलेल्या चित्रपटाची पटकथा हे बँकेच्या दृष्टीने तारण नसते.

चित्रपटाचा सातबारा

चित्रपट ही एक मालमत्ता आहे आणि तिची विक्री एकाच झटक्यात होत नाही, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. शेतजमिनीच्या सातबारा उताऱ्यावर मालकाचे नाव असते, आणि शेजारी ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचे कर्ज, कुळाचा हक्क, बँकेचा बोजा यांची नोंद असते; जमीन मालकाचीच असते, पण तिच्यावर कुणाचे काय देणे आहे हे उतारा पाहिल्यावर कळते. चित्रपटाचेही तसेच आहे. भारतातील चित्रपटगृहांचे हक्क एकाला, परदेशातील प्रदर्शनाचे दुसऱ्याला, दूरचित्रवाणीचे तिसऱ्याला, ओटीटीचे चौथ्याला, आणि प्रत्येकाला ठरावीक प्रदेशासाठी, ठरावीक वर्षांसाठी, असे वेगवेगळे करार करता येतात. त्यामुळे चित्रपट पूर्ण होण्याआधीच एखादा हक्क विकून आलेल्या पैशातून उरलेले चित्रीकरण करणे शक्य होते. मात्र जो हक्क आज विकला, तो उद्या दुसऱ्यांदा विकता येत नाही.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो, आणि हे पुष्कळ नवोदित दिग्दर्शकांना ठाऊकच नसते. मित्राच्या नावे कंपनी काढली आणि लेखी करार केला नाही, तर कायद्याच्या नजरेत चित्रपट त्या मित्राच्या कंपनीचा ठरू शकतो. हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत धरला जातो. म्हणजे कथालेखकाकडून दोन ओळींच्या कागदावर कथा घेतली आणि ‘जगभरासाठी’ हे लिहायचे राहून गेले, तर परदेशी खरेदीदाराला दाखवण्यासारखा हक्कच निर्मात्याच्या हाती उरत नाही. कथा, पटकथा, संगीत, पार्श्वभूमीला रेडिओवर ऐकू येणारे जुने गाणे, अशा प्रत्येक घटकाचा हक्क मूळ मालकापासून निर्मात्यापर्यंत कसा आला याची अखंड कागदपत्रे परदेशी संस्था मागतात, आणि उत्तम चित्रपट हातात असूनही या कागदांअभावी सौदा अडतो.

फ्रान्स आपल्या चित्रपटाला पैसे का देतो?

याचे उत्तर त्यांच्या तिकिटात आहे. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के विशेष कर बसतो. हा पैसा सीएनसी या १९४६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि त्यातून नव्या चित्रपटांना साहाय्य दिले जाते. अमेरिकेतील गल्लाभरू चित्रपटाचे तिकीट काढणारा प्रेक्षकही अशा रीतीने नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला हातभार लावतो. या साहाय्याचा एक भाग परदेशी दिग्दर्शकांच्या, फ्रेंच संस्थेबरोबर मिळून बनणाऱ्या चित्रपटांसाठी राखलेला आहे.

यामागे निव्वळ औदार्य आहे असे समजू नये. अशा निधीच्या अटींमध्ये बहुतेकदा त्या देशातील निर्माता भागीदार असणे आणि खर्चाचा ठरावीक भाग त्या देशात करणे यांचा समावेश असतो. म्हणून मुंबईत चित्रित झालेल्या चित्रपटाचे ध्वनिमिश्रण किंवा रंगसंस्करण पॅरिसमध्ये झालेले दिसते : तिथल्या तंत्रज्ञांना काम मिळते, तिथल्या स्टुडिओचे भाडे निघते, आणि तिथल्या महोत्सवांना व चित्रपटगृहांना जगभरातून नवे चित्रपट मिळत राहतात.

याखेरीज महोत्सवांशी जोडलेले लहान निधी आहेत. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतील दिग्दर्शकांना मदत करतो. बर्लिन महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे. माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅमच्या महोत्सवाचा निधी आहे. बुसान आणि दोहा येथेही साहाय्य योजना आहेत. ह्यूबर्ट बाल्स फंडाचे पटकथेच्या टप्प्यावरचे अनुदान १०,००० युरोंचे असते. चित्रपटाच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ वाटेल. पण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला याच फंडाचे साहाय्य पटकथेच्या टप्प्यावर मिळाले होते, आणि तो चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पदार्पणाच्या चित्रपटासाठीचे पारितोषिकही त्यानेच मिळवले, आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला मिळाला. या छोट्या अनुदानाचे खरे मोल असे की, एका जाणकार समितीने पटकथा वाचून पसंत केली आहे हे पुढच्या प्रत्येक धनकोला दिसते. पहिला विश्वास मिळवणे सर्वांत अवघड असते आणि दुसरा विश्वास पहिल्याच्या आधारावर येतो.

दोन देशांचा चित्रपट

भारताने फ्रान्स, इटली, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा डझनभराहून अधिक देशांशी सहनिर्मितीचे करार केले आहेत. अशा कराराखाली अधिकृत मान्यता मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत त्या त्या देशाचा स्वतःचा चित्रपट गणला जातो, म्हणजे दोन्हीकडच्या साहाय्य योजनांना पात्र ठरतो. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला भारत-फ्रान्स सहनिर्मितीची अधिकृत मान्यता होती, आणि भारत सरकारच्या प्रोत्साहन योजनेखाली त्याच्या पात्र खर्चाच्या ३० टक्के परताव्यास अंतरिम मंजुरीही मिळाली होती. ही योजना २०२२ मध्ये कान येथेच जाहीर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतात चित्रीकरण करणाऱ्या परदेशी निर्मितींसाठी परताव्याचे प्रमाण ४० टक्के आणि कमाल मर्यादा ३० कोटी रुपये करण्यात आल्याची घोषणा गोव्यात झाली.

यातल्या ‘परतावा’ या शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. पैसा आधी खर्च करायचा, हिशेब तपासून घ्यायचा आणि मग ठरावीक हिस्सा परत मिळवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्याचे भाडे आणि कामगारांचे जेवण यांचे पैसे या योजनेतून येत नाहीत. परतावा येईपर्यंतची मधली उचल कुणाकडून घ्यायची आणि तिचे व्याज कसे भरायचे, हा स्वतंत्र निर्मात्यापुढचा अत्यंत खरा प्रश्न असतो. ज्याचा खर्च पहिल्या दिवसापासून पावत्यांनिशी मांडलेला नाही, त्याच्यासाठी हा परतावा कागदावरच राहतो.

गोव्याचा बाजार

या सगळ्या परदेशी संस्थांशी ओळख होणार कुठे? पॅरिसला जाऊन दारे ठोठावणे बहुतेकांना परवडत नाही. महाराष्ट्रातील माणसाला त्या मानाने जवळचे उत्तर गोव्यात आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, २००४ पासून गोव्यात भरतो, आणि त्याच सुमारास, नोव्हेंबरात, एनएफडीसीचा फिल्म बझार २००७ पासून भरत आला आहे. २०२५ पासून त्याचे नाव वेव्हज फिल्म बझार असे झाले आहे.

महोत्सव आणि बाजार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महोत्सवात पूर्ण झालेले चित्रपट प्रेक्षकांना दाखवतात; बाजारात अजून न बनलेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या चित्रपटांसाठी माणसे भेटतात. सहनिर्मितीच्या विभागात निवडलेल्या प्रकल्पांचे दिग्दर्शक आणि निर्माते आपली कथा मोजक्या मिनिटांत मांडतात. यालाच पिच म्हणतात. त्यानंतर देशोदेशींच्या निर्मात्यांशी, निधींच्या प्रतिनिधींशी आणि सेल्स एजंटांशी, म्हणजे परदेशी हक्क विकून देणाऱ्या मध्यस्थांशी, समोरासमोर बैठका होतात. वर्क-इन-प्रोग्रेस विभागात चित्रीकरण संपलेल्या चित्रपटाचा कच्चा संकलित आराखडा अनुभवी संकलक, समीक्षक आणि महोत्सवांचे निवडकर्ते पाहतात आणि सूचना करतात. व्ह्यूइंग रूममध्ये पूर्ण झालेले, पण अजून वितरक किंवा महोत्सव न मिळालेले चित्रपट खरेदीदारांना संगणकावर पाहता येतात. पटकथालेखकांसाठी वेगळी कार्यशाळा असते. ‘द लंचबॉक्स’ आणि ‘तितली’ हे कानला पोहोचलेले चित्रपट या बाजाराच्या वाटेने गेलेले आहेत. ‘साबर बोंडं’च्या पटकथेवर एनएफडीसीच्या मराठी पटकथा शिबिरात आणि व्हेनिस महोत्सवाच्या बिएनाले कॉलेज या प्रशिक्षण उपक्रमात काम झाले होते.

अर्ज काही महिने आधी करावा लागतो आणि त्यासाठी जी संचिका लागते, तिच्याकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. कथासार, चित्रपट कसा दिसेल आणि ऐकू येईल याचे टिपण, ही कथा मीच का सांगत आहे याचे दिग्दर्शकाचे निवेदन, वास्तव अंदाजपत्रक आणि अर्थयोजना, म्हणजे लागणाऱ्या रकमेपैकी किती हातात आहे, किती येणार आहे आणि किती हवी आहे याचा तक्ता. परदेशी निर्माता सर्वांत आधी हा शेवटचा तक्ता उघडतो. त्यात ‘हातात’ या सदराखाली काहीतरी असावे लागते; घरचे पाच लाख असोत, कॅमेरा देणाऱ्या मित्राचे लेखी आश्वासन असो की एखादे छोटे अनुदान. शंभर टक्के रक्कम मागणाऱ्या प्रकल्पाला सहसा कुणी हात लावत नाही, कारण पहिला धोका पत्करण्याची कुणाचीच तयारी नसते.

‘कानमध्ये झळकला’ म्हणजे नेमके काय?

दर मे महिन्यात अमुक चित्रपट कानमध्ये झळकल्याच्या बातम्या येतात, आणि वाचकाला वाटते की तो स्पर्धेत होता. हा गोंधळ दूर होणे दिग्दर्शकांच्या हिताचे आहे. कानमध्ये अधिकृत निवडीचे विभाग आहेत, ज्यांत मुख्य स्पर्धा आणि ‘अन सर्तें रिगार’ यांचा समावेश होतो. त्याच काळात डिरेक्टर्स फोर्टनाइट आणि क्रिटिक्स वीक हे स्वतंत्र निवडसमित्या असलेले मानाचे समांतर विभाग भरतात. आणि याच गावात, याच दिवसांत, १९५९ पासून मार्शे दु फिल्म हा बाजार भरतो, ज्यात भाडे भरून कुणालाही खरेदीदारांसाठी आपला चित्रपट दाखवता येतो. महाराष्ट्र शासनही काही वर्षांपासून निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवते. हा उपक्रम उपयुक्त आहे, कारण बाजारात ओळखी होतात आणि सौदे ठरू शकतात. मात्र बाजारातील खेळ म्हणजे महोत्सवाची निवड नव्हे, आणि बातमी देताना हा फरक पाळला गेला पाहिजे.

असेच ऑस्करबाबत घडते. अमेरिकेतील ठरावीक शहरांत ठरावीक दिवस चालून इतर अटी पूर्ण केल्या की चित्रपट विचारार्थ पात्र ठरतो, आणि अशा शेकडो चित्रपटांची यादी अकादमी प्रसिद्ध करते. ती पात्रतेची यादी असते, नामांकनाची नव्हे. शिवाय प्रसिद्ध महोत्सवांशी साधर्म्य असलेली नावे घेऊन, प्रवेशशुल्क घेऊन, जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला पुरस्कारचिन्ह देणारे ऑनलाइन महोत्सव पुष्कळ आहेत. लघुपट बनवणाऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे तिथे जातात याचे मनापासून वाईट वाटते. चित्रपट प्रत्यक्ष पडद्यावर दाखवला जातो का, मागील वर्षी तिथे कोणते चित्रपट होते, परीक्षक कोण होते, हे तीन प्रश्न विचारले तरी असे महोत्सव ओळखू येतात. मोठे महोत्सव चित्रपटाचा जगातील पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा अशी अट घालतात, त्यामुळे घाईने एखाद्या क्षुल्लक महोत्सवात चित्रपट दाखवला तर मोठे दार कायमचे बंद होऊ शकते.

दोनशे रुपयांचे तिकीट

आता मूळ प्रश्नाकडे : गाजलेला चित्रपट तालुक्याच्या गावी का लागत नाही? समजा मल्टिप्लेक्समध्ये तिकीट २०० रुपयांचे आहे. शंभर रुपयांहून महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे या दोनशेपैकी साधारण ३० रुपये ५० पैसे कर आहे. (जीएसटीपूर्वी मराठी चित्रपटांना राज्यात करमणूक कर माफ होता.) उरतात १६९ रुपये ५० पैसे. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संपानंतर जे सूत्र ठरले, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३० टक्के असा आहे. या सूत्राने पहिल्या आठवड्यात एका तिकिटामागे वितरकाकडे ८५ रुपयांच्या आत पैसे येतात आणि चौथ्या आठवड्यात सुमारे ५१ रुपये.

पहिल्या आठवड्यात पाच हजार लोकांनी चित्रपट पाहिला तर वितरकाच्या हाती सव्वाचार लाख रुपयांच्या आसपास येतात. त्यातून पोस्टर, ट्रेलर आणि जाहिरातीचा खर्च वजा होतो. चित्रपट डिजिटल स्वरूपात पडद्यापर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्यांचे प्रत्येक पडद्यामागे असणारे शुल्क वजा होते. वितरकाचे कमिशन वजा होते. आणि मग काही उरलेच तर ते निर्मात्याचे.

या सूत्राचा स्वतंत्र चित्रपटावर होणारा परिणाम फार कमी वेळा बोलला जातो. ज्या चित्रपटाला प्रसिद्धीचा गाजावाजा परवडत नाही, त्याचा प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, एकाने दुसऱ्याला सांगून, वाढतो. नेमक्या त्याच वेळी वाटा घटत जातो, आणि त्याआधीच शुक्रवारी सकाळी अकराचा आणि रात्री साडेदहाचा असे अडनिडे खेळ मिळालेले असल्यामुळे सोमवारी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून खेळ उतरवलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे एक-दोनच पडदे आहेत, तिथे एका पडद्याचे शुल्क आणि जाहिरात भरून निघेल इतके प्रेक्षक येतील की नाही, या शंकेने वितरक तिकडे जातच नाही. प्रेक्षकांची अभिरुची कमी आहे असे म्हणून मोकळे होण्याआधी हे गणित पाहावे, अशी माझी विनंती आहे.

महोत्सवातील पारितोषिक या गणितातून सुटका करत नाही. सुरुवातीला उल्लेखलेले ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ आणि ‘साबर बोंडं’ हे दोन्ही चित्रपट भारतात अभिनेते राणा दग्गुबाती यांच्या स्पिरिट मीडिया या संस्थेने वितरित केले, म्हणजे नामवंत आधार मिळाल्यावरच ते पडद्यावर आले. संध्या सुरी यांचा ‘संतोष’ हा हिंदी चित्रपट ब्रिटनने ऑस्करसाठी पाठवला होता, पण मार्च २०२५ मध्ये प्रमाणन मंडळाने, म्हणजे सेन्सॉर बोर्डाने, सुचवलेल्या कपातींमुळे त्याचे भारतातील प्रदर्शन अडले.

‘परदेशी पैसा म्हणजे परदेशी नजर’

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. निधीच्या समित्या आणि कार्यशाळांतील मार्गदर्शक पटकथेवर मते देतात, आणि त्यांच्या अपेक्षांचा अंदाज घेत लिहिण्याचा मोह लेखकाला होतो. गरिबी, जात, बाईचे दुःख हे विषय पाहुण्यांना समजतील अशा पद्धतीने मांडण्याचा दबाव कधी उघड असतो, कधी लेखकाच्याच मनात असतो. तरीही दहा ठिकाणांहून थोडा थोडा पैसा घेणाऱ्या दिग्दर्शकावर त्यातल्या कुणाचाही पूर्ण ताबा नसतो, ही बाजूही ध्यानात घ्यावी. गावाकडे वडिलांच्या सुतकाच्या दहा दिवसांत घडणारी ‘साबर बोंडं’ची कथा भारतातल्या एखाद्या मोठ्या धनकोने जशीच्या तशी मान्य केली असती, असे मला वाटत नाही. नजर कुणाची हे पैशाच्या चलनावरून ठरत नाही. अंतिम संकलनाचा अधिकार करारात कुणाकडे लिहिला आहे त्यावरून पुष्कळसे ठरते.

‘मग ओटीटीवर टाका, नाहीतर वर्गणी काढा’

ओटीटीवर चित्रपट येण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात कंपनी ठरावीक वर्षांसाठी ठरावीक रक्कम देऊन हक्क घेते. दुसऱ्यात आगाऊ काहीच मिळत नाही आणि जितके पाहिले जाईल त्या प्रमाणात वाटा मिळतो. पहिला प्रकार स्वतंत्र चित्रपटांच्या वाट्याला पूर्वीपेक्षा कमी येऊ लागला आहे आणि आधी चित्रपटगृहात प्रदर्शन झालेले असावे अशी अपेक्षाही अनेकदा असते. दुसऱ्या प्रकारात चित्रपट उपलब्ध होतो, पण त्याच्या जाहिरातीची जबाबदारी निर्मात्यावरच राहते.

लोकवर्गणीची परंपरा मात्र अभिमानाची आहे. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, कन्नडमधील ‘लुसिया’ २०१३ मध्ये प्रेक्षकांच्या पैशातून झाला. पण ‘मंथन’च्या मागे सहकारी दूध संघांची बांधलेली यंत्रणा होती, हे विसरता येत नाही. आज इंटरनेटवरून देणगी किंवा आगाऊ तिकिटाच्या स्वरूपात पैसे जमवता येतात, परंतु नफ्यात वाटा देण्याचे जाहीर आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेतले की तो गुंतवणुकीच्या नियमनाचा विषय होतो, आणि तिथे वकिलाच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकू नये.

जे अजून नाही

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते आणि त्याचा अनेक निर्मात्यांना खरोखर आधार झाला आहे. पण हे अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, त्याचा दर्जा ठरवून मिळते. म्हणजे ज्याने कसाबसा पैसा उभा करून चित्रपट संपवला, त्याला ते मिळते. ज्याची उत्तम पटकथा पहिल्या खर्चाअभावी कपाटात पडून आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. पटकथेच्या टप्प्यावर लागणारी रक्कम मोठी नसते. लेखकाला काही महिने दुसरी नोकरी न करता लिहिता यावे, चित्रीकरणाच्या जागा पाहून याव्यात, कथेच्या हक्कांचा करार वकिलाकडून नीट करून घ्यावा आणि गोव्याच्या बाजारासाठी संचिका तयार करावी, एवढ्यासाठी ती हवी असते. अनुदानाच्या तरतुदीचा छोटा हिस्सा दरवर्षी दहा-पंधरा मराठी पटकथांसाठी वेगळा काढला, निवडीसाठी लेखक आणि संकलक यांची समिती नेमली आणि निवडलेल्या पटकथांची यादी प्रसिद्ध केली, तर रॉटरडॅमहून येणारा पहिला विश्वास गोरेगावच्या चित्रनगरीतूनही देता येईल.